आपल्या डोमेनच्या नावाने तोतये मेल आणि खाती: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

लहान कारखाने, व्यापारी पेढ्या आणि निर्यातदार यांचे डोमेन व मेलबॉक्स सांभाळणाऱ्याकडे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: आमच्या पत्त्यावरून मेल गेला, पण आम्ही तो पाठवलेलाच नाही. तक्रार आली की बहुतेक ठिकाणी घाईने पासवर्ड बदलला जातो आणि प्रकरण मिटले असे धरून चालतात. महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. डोमेनच्या नावाने होणारी तोतयेगिरी एकाच प्रकारची नसते, हे त्याचे कारण आहे. कोणी मेलच्या माथ्यावर आपला पत्ता फक्त छापतो, कोणी आपल्यासारखे दिसणारे डोमेन विकत घेतो, कोणी आपले पत्ते देऊन परक्या सेवांमध्ये खाती उघडतो, तर कोणी खरोखरच आपल्या मेलबॉक्समध्ये शिरलेला असतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून प्रकार ओळखल्याशिवाय कशालाही हात लावू नये असे माझे ठाम मत आहे.

एक अपवाद मात्र सर्वांत आधी सांगायला हवा. बनावट मेलवर विसंबून कोणी पैसे भरले असतील, तर खालचे सारे नंतर वाचावे. पैसे भरणाऱ्याने आपल्या बँकेला ताबडतोब कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते, आणि ही मुदत फार थोडी असते. रक्कम परदेशी गेली असेल तर बँकेकडे ती परत मागवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्यावी.

लक्षणे

सर्वांत जास्त दिसणारे लक्षण म्हणजे न पाठवलेल्या मेलचे बाउन्स. सकाळी मेलबॉक्स उघडावा तर 'मेल पोहोचला नाही' असे निरोप ढिगाने पडलेले असतात आणि त्यातले पत्ते आपल्या ओळखीचे नसतात. हे दिसायला भयंकर असले तरी बहुधा सर्वांत कमी धोक्याचे असते, कारण कोणीतरी आपला पत्ता प्रेषक म्हणून लिहिला आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

याहून गंभीर म्हणजे ग्राहकाचा फोन: "तुमचे बँक खाते बदलले का? नव्या खात्यात पैसे भरायला सांगणारा मेल आला आहे." त्या मेलमध्ये खऱ्या ऑर्डरचा क्रमांक आणि खरी रक्कम असेल, तर पत्रव्यवहार कोणीतरी वाचत आहे असे समजावे, तो आपल्याकडून वाचला जात आहे की ग्राहकाकडून, हे तपासावे लागते. ग्राहक म्हणतो "मी उत्तर दिले" आणि आपल्याकडे उत्तर आलेलेच नाही, हेही त्याच जातीचे लक्षण आहे.

औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना आणखी एक अनुभव येतो. नोकरीसाठी निवड झाल्याचे पत्र हातात घेऊन एखादा तरुण थेट गेटवर येतो. पत्रावर कंपनीचे बोधचिन्ह असते, 'एचआर'चा पत्ता असतो, आणि त्याने 'नोंदणी शुल्क' म्हणून काही हजार रुपये भरलेले असतात. अशा उमेदवाराला पहारेकऱ्याने हाकलू नये. त्याच्याकडे असलेला मेल हा आपल्या तपासाचा सर्वांत चांगला पुरावा असतो, आणि फसवला गेलेला तोही असतो.

उरलेली दोन लक्षणे शांतपणे येतात: आपले खरे मेल ग्राहकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागणे, आणि कधीही न वापरलेल्या सेवांकडून 'खाते उघडल्याबद्दल आभार' किंवा पडताळणीचा कोड येणे.

पहिली तपासणी: मूळ मेल मिळवा

यासाठी खर्च शून्य आहे, आणि हेच काम सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात. स्क्रीनशॉटमध्ये फक्त दिसणारे नाव येते, तर तपासासाठी लागते ते मेलचे हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची तांत्रिक माहिती. साधा फॉरवर्ड केला तरी मूळ हेडर गळून पडते. म्हणून ज्याला मेल आला त्याला तो फाइल म्हणून उतरवून घ्यायला किंवा जोडपत्र म्हणून पाठवायला सांगावे. जीमेलमध्ये मेलच्या मेन्यूत 'शो ओरिजिनल' हा पर्याय आहे, तिथून मूळ मजकूर उतरवता येतो.

हेडर लांबलचक असते, पण पाहायच्या ओळी चारच. 'फ्रॉम' म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता. 'रिटर्न पाथ' म्हणजे बाउन्स जिथे परत जातो तो पत्ता. 'रिप्लाय टू' म्हणजे उत्तर दिल्यास ते जिथे जाईल तो पत्ता. आणि 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' म्हणजे मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने केलेल्या पडताळणीचा निकाल. ही शेवटची ओळ एकापेक्षा जास्त वेळा आढळली तर सर्वांत वरची, म्हणजे स्वीकारणाऱ्याच्या सर्व्हरने स्वतः लिहिलेली, धरावी. खालच्या ओळी पाठवणाऱ्यालाही लिहिता येतात.

पहिल्या दोन पत्त्यांत फरक असू शकतो, यामागे मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचा इतिहास आहे. एसएमटीपी हा मेल पोहोचवण्याचा नियमसंच (प्रोटोकॉल) १९८२ साली लिहिला गेला आणि त्यात प्रेषक खरा आहे की नाही हे तपासण्याची सोयच नव्हती. टपालाच्या पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या लेटरहेडवर दुसराच पत्ता असावा, तसे 'रिटर्न पाथ' आणि 'फ्रॉम' वेगवेगळे असू शकतात. वाचणारा फक्त लेटरहेड पाहतो.

एक नमुना पाहा. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ग्राहकाला आलेल्या मेलमध्ये 'फ्रॉम'मध्ये कारखान्याचा लेखा विभागाचा पत्ता अक्षरशः बरोबर होता, 'रिटर्न पाथ' भलत्याच डोमेनचा होता, 'रिप्लाय टू'मध्ये फुकट मेलसेवेवरचा पत्ता होता, आणि निकालाच्या ओळीत एसपीएफ 'पास', डीकेआयएम 'नन' (म्हणजे स्वाक्षरीच नाही), डीमार्क 'फेल' असे लिहिले होते; या तीन पडताळण्या काय आहेत ते चौथ्या तपासणीत येईल. यावरून तीन गोष्टी लगेच कळतात: मेल कारखान्याच्या मेलबॉक्समधून निघालेला नाही, एसपीएफ उत्तीर्ण झाले ते पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या डोमेनचे, आणि डीमार्क नापास होऊनही मेल इनबॉक्समध्ये पोहोचला, याचा अर्थ नापास मेल अडवा असे कारखान्याच्या डोमेनने बहुधा कोणाला सांगितलेलेच नव्हते.

आता निकाल लावता येतो. 'फ्रॉम'मध्ये नाव आपले पण पत्ता फुकट सेवेवरचा असेल, तर ही फक्त नावाची चोरी आहे. पत्ता आपला आणि डीमार्क नापास असेल, तर पत्ता छापलेला आहे. पत्ता जवळजवळ आपला असेल, तर ते सारखे दिसणारे डोमेन आहे. आणि पत्ता आपला असून सारे काही उत्तीर्ण असेल, तर मेल आपल्याच मेलबॉक्समधून किंवा आपण परवानगी दिलेल्या एखाद्या सेवेतून गेला आहे. त्या वेळी पुढची तपासणी तातडीची ठरते.

नुसती नावाची चोरी असेल तर डोमेनमध्ये करण्यासारखे काहीच नाही. त्या फुकट सेवेच्या गैरवापर विभागाकडे मूळ मेलसह तक्रार करावी, ग्राहकांना कळवावे, आणि आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बाहेरून आलेल्या मेलवर 'बाह्य' अशी पट्टी दाखवण्याची सोय प्रशासकाने सुरू करावी. मोबाइलवर पत्ता झाकला जाऊन फक्त नाव दिसते, त्यामुळे मालकाच्या नावाने आलेला 'तातडीने रक्कम पाठवा' असा मेल बहुधा मोबाइलवरच फसवतो.

दुसरी तपासणी: मेलबॉक्समध्ये कोणी आहे का

हीसुद्धा फुकट आहे, आणि हेडर पाहिल्यावर शंका उरली असेल तर लगेच करावी. पासवर्ड बदलण्याआधी मेलबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये काय काय आहे ते नोंदवून ठेवावे, कारण नंतर पोलिसांना किंवा तज्ज्ञाला तेच लागते. स्वयंचलित फॉरवर्डिंग कोणत्या पत्त्यावर लावले आहे, कोणते फिल्टर किंवा नियम आहेत, मेलबॉक्स वापरण्याची परवानगी आणखी कोणाला दिली आहे, कोणत्या बाहेरच्या अ‍ॅपना मेल वाचण्याची मुभा आहे, अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या अ‍ॅपपुरते दिलेले वेगळे पासवर्ड) किती तयार केलेले आहेत आणि अलीकडचे लॉगिन कुठून झाले, हे सर्व पाहावे.

यातले फिल्टर सर्वांत घातक. शिरलेला माणूस बहुधा असा नियम लावतो की ज्या मेलमध्ये 'इन्व्हॉइस', 'पेमेंट' किंवा विशिष्ट ग्राहकाचे नाव असेल तो वाचलेला म्हणून खूण होऊन कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये, आउटलुकमध्ये अनेकदा 'आरएसएस फीड्स'मध्ये, जावा. त्यामुळे खरा वापरकर्ता आणि तोतया एकाच मेलबॉक्समध्ये आठवडेच्या आठवडे राहू शकतात. पासवर्ड बदलल्याने हे नियम पुसले जात नाहीत आणि फॉरवर्डिंगही थांबत नाही. म्हणून विषाणूमुक्त संगणकावरून पासवर्ड बदलावा, सर्व चालू सत्रे बंद करावीत, अनोळखी नियम, फॉरवर्डिंग, अ‍ॅप पासवर्ड आणि अ‍ॅपच्या परवानग्या काढाव्यात, द्विस्तरीय पडताळणी लावावी, आणि हे सगळे एकाच बैठकीत पुरे करावे. अर्धे काम आज आणि अर्धे उद्या केले तर समोरच्याला सावध व्हायला एक रात्र मिळते.

सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स आणि 'सेल्स', 'इन्फो' यांसारखे सर्वांनी मिळून वापरायचे पत्ते विशेष काळजीने पाहावेत. सामाईक पत्त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, आणि म्हणूनच तो बदलण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

तिसरी तपासणी: आपल्या पत्त्यावर उघडलेली परकी खाती

कोणीतरी आपल्या डोमेनचा पत्ता देऊन एखाद्या खरेदीच्या, नोकरीच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सेवेत खाते उघडले असेल, तर पहिला प्रश्न असा की त्या खात्याची पडताळणी पुरी झाली आहे का. बऱ्याच सेवा पडताळणीआधीही खाते थोडेफार वापरू देतात, आणि तसे असेल तर प्रकरण साधे आहे. पण मेलवर आलेला कोड टाकल्याशिवाय चालू होणारच नाही असे खाते चालू असेल, तर तो कोड कोणीतरी वाचला आहे, म्हणजे दुसऱ्या तपासणीकडे परत जावे. डोमेनवर 'कॅच ऑल' लावलेला असेल, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचे मेलही एका मेलबॉक्समध्ये येत असतील, तर तो मेलबॉक्स पाहणारा कोणीही हवे ते पत्ते कल्पून खाती उघडू शकतो. खरी गरज नसेल तर ही सोय बंद करावी.

खाते बंद करण्यासाठी मेलमधल्या दुव्यावर न जाता त्या सेवेच्या संकेतस्थळावर स्वतः जावे आणि तक्रार करावी. 'पासवर्ड विसरलो' वापरून खात्यात शिरण्याचा मोह होतो, पण आत दुसऱ्या फसलेल्या लोकांची माहिती असू शकते आणि आपल्या लॉगिनमुळे पुराव्यात गोंधळ होतो, म्हणून तो मार्ग मी सुचवत नाही. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये आपल्या डोमेनवर उघडलेली सुटी खाती प्रशासकाला ताब्यात घेता येतात: डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या सार्वजनिक यादीत, सेवेने दिलेली एक टीएक्सटी नोंद (मजकुराची ओळ) टाकून मालकी सिद्ध केली की गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांकडेही त्यासाठी व्यवस्था आहे. समाजमाध्यमांवरील बनावट खात्यांसाठी त्या माध्यमाचा तोतयेगिरीचा तक्रार अर्ज आणि भारतातील तक्रार निवारण अधिकारी असे दोन मार्ग आहेत. नोंदणीकृत ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र जोडता आले तर तक्रारीला वजन येते.

चौथी तपासणी: डीएनएसमधील तीन नोंदी

पत्ता छापला जात असेल तर खरा उपाय इथे आहे. पैसे लागत नाहीत, परंतु चुकीची नोंद टाकली तर आपलेच मेल बंद पडतात, म्हणून हे काम सावकाश करावे. एसपीएफ ही आपल्या डोमेनचे मेल कोणकोणते सर्व्हर पाठवू शकतात याची यादी आहे. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर होणारी डिजिटल स्वाक्षरी आहे. एसपीएफ 'रिटर्न पाथ'चे डोमेन तपासते, वाचणाऱ्याला दिसणारा पत्ता तपासत नाही; वरच्या नमुन्यात ते उत्तीर्ण झाले ते यामुळेच. ही उणीव डीमार्क भरून काढते. एसपीएफ किंवा डीकेआयएम उत्तीर्ण झालेले डोमेन आणि 'फ्रॉम'मधले डोमेन जुळते का हे ते पाहते, आणि न जुळल्यास काय करावे याचे धोरण जाहीर करते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना, गूगलच्या बाबतीत जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त, डीमार्क बंधनकारक केले. त्या वेळी अनेकांनी 'नन' धोरणाची नोंद कुठून तरी उचलून चिकटवली आणि काम झाले असे मानले. 'नन' काहीही अडवत नाही; ते फक्त पाहते आणि अहवाल पाठवते. अहवालाचा पत्ताच लिहिला नसेल तर तेवढाही उपयोग होत नाही.

क्रम असा ठेवावा. एसपीएफची नोंद एकच आहे ना ते आधी पाहावे, कारण दोन नोंदी असल्या तर दोन्ही निकामी ठरतात. त्या नोंदीतून होणारे डीएनएस शोध १० पेक्षा जास्त नकोत. मर्यादा ओलांडली की तपासणी चुकीची म्हणून सोडून दिली जाते. मग मेलसेवेतून डीकेआयएम सुरू करावे. त्यानंतर अहवालाचा पत्ता देऊन 'नन' धोरण लावावे आणि किमान एक पूर्ण महिना अहवाल वाचावेत. महिना यासाठी की पगारपत्रके आणि थकबाकीची स्मरणपत्रे महिन्यातून एकदाच जातात, आणि ती पाठवणारी सेवा यादीत नाही हे तेव्हाच कळते. विसरली जाणारी ठिकाणे ठरलेली आहेत: होस्टिंग सर्व्हरवरून थेट निघणारे संपर्क अर्जाचे मेल, बिलिंगचे सॉफ्टवेअर, जाहिरातीच्या मेलची सेवा, आणि कार्यालयातले कागद स्कॅन करून मेलने पाठवणारे झेरॉक्स यंत्र. सगळे खरे पाठवणारे उत्तीर्ण होत आहेत असे दिसले की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका), आणि काही आठवडे कुरकुर आली नाही की 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) हे धोरण लावावे. मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटते, पण मजकूर न बदलल्यास डीकेआयएम टिकते. म्हणून डीकेआयएम नसताना 'रिजेक्ट'वर जाऊ नये.

घेऊन ठेवलेली पण न वापरलेली डोमेनही विसरू नयेत. ज्यावरून कधीच मेल जात नाही त्यावर 'कोणीही पाठवू शकत नाही' असा एसपीएफ आणि थेट 'रिजेक्ट' लावायला काहीच जोखीम नाही. जुने डोमेन मुदत संपून हातचे जाऊ देणे मात्र धोक्याचे आहे. नवा मालक त्यावर मेलबॉक्स उघडू शकतो आणि त्या जुन्या पत्त्यांना जोडलेल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलू शकतो.

पाचवी तपासणी: सारखे दिसणारे डोमेन

इंग्रजी 'एम'च्या जागी शेजारी शेजारी 'आर' आणि 'एन', 'एल'च्या जागी एकचा आकडा, मध्ये एक जादा आडवी रेघ, किंवा 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट को': हे रोजचे प्रकार आहेत. इथे आपल्या तीनही नोंदी कितीही चोख असल्या तरी उपयोगी पडत नाहीत, कारण ते डोमेन तोतयाचेच आहे आणि त्याने त्यावर स्वतःच्या नोंदी व्यवस्थित लावलेल्या असतात.

आरडीएपी या डोमेन नोंदणीच्या सार्वजनिक सेवेत शोध घेऊन डोमेन कधी नोंदवले, रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण आणि त्याच्या गैरवापर विभागाचा पत्ता काय, हे पाहावे. त्याच डोमेनची एमएक्स नोंदही, म्हणजे त्याचा मेल कोणत्या सर्व्हरवर येतो ते सांगणारी डीएनएस नोंद, पाहावी. संकेतस्थळ नाही पण एमएक्स आहे, म्हणजे ते मेलसाठीच घेतले आहे, आणि मेल कोणत्या सेवेवर चालतो हेही त्यातून कळते. तक्रार रजिस्ट्रार आणि मेलसेवा या दोघांकडेही करावी. डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रजिस्ट्रारांशी असलेल्या करारातील ५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या बदलांनुसार फिशिंगचा (तोतया मेलने माहिती किंवा पैसे उकळण्याचा) पुरेसा पुरावा मिळाल्यावर 'डॉट कॉम'सारख्या डोमेनच्या रजिस्ट्रारने कारवाई करणे बंधनकारक आहे. पुरेसा पुरावा म्हणजे संपूर्ण हेडरसह मूळ मेल. "आमच्या नावासारखे नाव आहे" एवढ्यावर डोमेन बंद होत नाही, फसवणुकीच्या वापरावर होते.

कुठे थांबावे

डीएनएसच्या पॅनेलचे लॉगिन कोणाकडे आहे हेच माहीत नसेल, तर तिथेच थांबून जाणकाराला बोलवावे. अंदाजाने नवे खाते उघडून नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथे ठेवल्या जातात ते सर्व्हर) बदलले तर संकेतस्थळ आणि मेल दोन्ही एकदम बंद पडतात. प्रशासकाच्या खात्यातच कोणी शिरले असेल, किंवा नियम काढल्यावरही ते परत उगवत असतील, तर स्वतः आणखी प्रयत्न करू नयेत. ते घटना हाताळणाऱ्या सुरक्षा तज्ज्ञाचे काम आहे. एसपीएफची दहाची मर्यादा ओलांडणाऱ्या बऱ्याच सेवा वापरात असतील तरीही मेल प्रशासनाचा अनुभव असलेला माणूस लागतो.

सारखे दिसणारे डोमेन रजिस्ट्रारने बंद केले नाही तर वकिलाकडे जावे. 'डॉट कॉम'सारख्या डोमेनसाठी १९९९ पासून चालत आलेली यूडीआरपी ही डोमेनच्या वादांची निवाडा प्रक्रिया आहे. डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच डोमेनच्या एकसदस्यीय निर्णयासाठी १५०० डॉलर शुल्क पडते आणि त्यातून डोमेन रद्द किंवा हस्तांतरित होऊ शकते, नुकसानभरपाई मिळत नाही. 'डॉट इन'साठी ही डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी ही तशीच प्रक्रिया आहे.

फौजदारी बाजूसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि जवळचे सायबर पोलीस ठाणे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ डी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ओळखीची चोरी, स्पूफिंग (पत्ता छापणे) आणि फिशिंगच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि लहान उद्योगांत ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. तक्रारीला जाताना मूळ मेलची फाइल, डोमेनच्या नोंदणीची माहिती, मेलबॉक्समध्ये सापडलेल्या नियमांची नोंद आणि आपण काय कधी केले याची वेळांसह यादी बरोबर न्यावी. तोपर्यंत एकही मेल पुसू नये आणि तोतयाला उत्तर देऊ नये.